थिओडोर हर्झल, पत्रकार आणि नाटककार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हर्झल म्हणजे झायोनिझमवाला तोच ना? मग इथे पत्रकार-नाटककार म्हणून ओळख कशाला?

तोच. झायोनिझम म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राज्य हवं ही चळवळ, आणि हर्झल तिचा पुढारी. १४ मे १९४८ रोजी तेल अवीवमध्ये डेव्हिड बेन-गुरियन इस्रायलच्या स्थापनेची घोषणा वाचत होते, तेव्हा त्यांच्या मागे भिंतीवर ज्या दाढीवाल्याचं मोठं चित्र टांगलं होतं, तो हाच. पण हर्झलचं राजकारण १८९५ ते १९०४ एवढंच, जेमतेम नऊ वर्षांचं. त्याआधी दहा-बारा वर्षं तो नाटकं लिहीत होता, आणि वर्तमानपत्रातली नोकरी तर त्याने मरेपर्यंत सोडली नाही. पोट त्यावरच चालायचं. राजकारणी हर्झलवर ढीगभर लिहिलं गेलंय. मला वाटतं, त्याच्या राजकारणातल्या बऱ्याच गोष्टी नाट्यगृहातून आणि छापखान्यातून आल्या. म्हणून हे पान त्या बाजूने लिहिलंय.

तो ऑस्ट्रियन की हंगेरियन?

जन्म २ मे १८६० चा, पेश्टचा. पेश्ट आणि बुडा मिळून बुडापेस्ट व्हायला अजून तेरा वर्षं होती. घर दोहानी रस्त्यावर, नव्याने बांधलेल्या भव्य सिनेगॉगला, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराला, लागूनच. घरात भाषा जर्मन, आईला जर्मन साहित्याचं वेड. १८७८ साली कोवळ्या वयातच बहीण पाउलिना विषमज्वराने गेली आणि त्या दुःखात कुटुंबाने शहरच सोडलं, ते व्हिएन्नाला आलं. हर्झल तेव्हा अठराचा. पुढचं शिक्षण, नोकरी, नाटकं, सगळं व्हिएन्नाचं आणि सगळं जर्मनमध्ये. त्याला ऑस्ट्रियन लेखक म्हणायला काहीच हरकत नाही.

वकिली का सोडली?

व्हिएन्ना विद्यापीठातून १८८४ साली तो कायद्याचा डॉक्टर झाला आणि व्हिएन्ना व साल्झबुर्गच्या न्यायालयांत उमेदवारी करू लागला. साल्झबुर्ग त्याला फार आवडलं होतं. तिथेच राहायला आवडलं असतं, पण ज्यू असल्यामुळे न्यायाधीश कधीच झालो नसतो, असं त्याने नंतर लिहून ठेवलंय. शिवाय ओढा लेखनाकडे होताच. वर्षभरात त्याने सरकारी नोकरी सोडली.

याआधी एक प्रसंग घडला होता. विद्यार्थी असताना तो ‘अल्बिया’ या जर्मन राष्ट्रवादी विद्यार्थी संघटनेत होता. १८८३ साली संगीतकार वाग्नर वारला. त्याच्या शोकसभेत ज्यूद्वेषाची भाषणं झाली, आणि त्यातला मुख्य वक्ता अल्बियाचाच होता. हर्झलने राजीनामा दिला. गंमत म्हणजे तो वक्ता हेर्मान बार पुढे स्वतः नावाजलेला पत्रकार-नाटककार झाला आणि त्याने ज्यूद्वेषही टाकून दिला.

त्याची नाटकं चालली का?

काही चालली, बरीचशी नाही. ‘टाबारिन’ ही एकांकिका १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये झाली, मिटरवुर्त्सरसारख्या मोठ्या नटाने ती केली. पण ज्या व्हिएन्नासाठी जीव टाकत होता तिथले दरवाजे बंदच. ते १८८९ साली उघडले. हुगो विटमान या ज्येष्ठ पत्रकाराबरोबर लिहिलेलं ‘चोरटे शिकारी’ हे हलकंफुलकं नाटक बुर्गथिएटरने घेतलं. लेखकांची नावं मात्र सुरुवातीला गुलदस्त्यात ठेवली होती. त्याच वर्षी ‘पळपुटा’ हे छोटं नाटकही तिथेच लागलं. बुर्गथिएटर म्हणजे बादशहाचं दरबारी नाट्यगृह. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या नाटककाराला यापेक्षा वरची पायरी नव्हती.

आज ही नाटकं वाचली तर? संवाद चटपटीत, प्रवेश नीट बांधलेले, पात्रं मात्र पुठ्ठ्याची. नवरा-बायकोचे रुसवे, पैशाची लग्नं, ओळखींचे घोटाळे, असा त्या काळच्या दिवाणखानी सुखात्मिकांचा ठरलेला माल. हर्झल मधल्या फळीचा नाटककार होता, आणि मला वाटतं ते त्यालाही कळत होतं. त्याची खरी ताकद दुसरीकडे होती.

दुसरीकडे म्हणजे कुठे?

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर, खालच्या बाजूला.

त्या काळच्या व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर एक जाड आडवी रेष असायची. रेषेच्या वर अग्रलेख, मंत्रिमंडळ, तारेने आलेल्या बातम्या. रेषेच्या खाली ‘फयतों’, म्हणजे ललित लेख. विषय काहीही. एखादं नाटक, प्रवासात दिसलेलं गाव, बागेतली दुपार, लहान मुलाचं आजारपण. अट एकच, लेख हलक्या हाताने लिहिलेला हवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचकाने कप खाली ठेवता कामा नये. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसांत लोक ताज्या अंकात आधी रेषेखाली पाहायचे. ‘नॉये फ्राये प्रेसे’ या उदारमतवादी दैनिकात रेषेखाली नाव छापून येणं म्हणजे लेखक म्हणून पावती मिळणं. हर्झलला ही पावती १८९१ साली मिळाली. पिरेनीज पर्वतातल्या एका छोट्या गावावर त्याने लिहिलेलं त्यांना इतकं आवडलं, की तो अजून त्या भागात फिरत असतानाच पॅरिसचा वार्ताहर म्हणून नेमणुकीची तार आली.

पुढे १८९५ मध्ये पॅरिसहून परतल्यावर तो याच विभागाचा संपादक झाला. पुढे लेखक म्हणून गाजलेला स्टेफान त्स्वाइग विशीही न गाठलेला असताना एकदा आपला लेख घेऊन त्याच्याकडे गेला होता. हर्झलने त्याच्यासमोरच बसून, एकही पान न गाळता तो वाचला आणि मग लेख स्वीकारल्याचं गंभीरपणे सांगितलं. त्स्वाइगने आठवणींत लिहिलंय, की एखाद्या सम्राटाने पदक द्यावं तसं त्याला वाटलं. त्या तासाभरात त्याचं घरातलं वजनही वाढलं, कारण आईवडील ‘नॉये फ्राये प्रेसे’चे वाचक.

पॅरिसमध्ये त्याने काय केलं?

फ्रेंच संसदेत बसून लिहिलं. १८९१ ते १८९५ हा काळ बातमीदाराला मेजवानीच होती. पनामा कालव्याच्या कंपनीचा लाचलुचपतीचा घोटाळा, अराजकवाद्यांचे बाँब, त्यात १८९३ साली खुद्द संसदेच्या सभागृहात व्हायांने टाकलेला बाँब, कोसळणारी मंत्रिमंडळं. हर्झलची नजर मात्र नाटकवाल्याचीच. कोण खासदार व्यासपीठावर कसा चढतो, आवाज कुठे चढवतो, टाळी पडेपर्यंत कसा थांबतो, हे तो टिपायचा. हे लेख १८९५ साली ‘पाले बुर्बों’ (फ्रेंच संसदेची इमारत) या नावाने पुस्तकरूपात निघाले. माझ्या मते त्याचं सगळ्यात टिकाऊ लेखन हेच. जमाव कसा पेटतो आणि वक्ता त्याला कसा हाताळतो, याचा त्याने चार वर्षं अभ्यास केला. तो पुढे कामाला आला.

द्रेफ्यूस खटला पाहून तो झायोनिस्ट झाला, हे खरं का?

शाळेच्या पुस्तकांत असं असतं, आणि ते पसरवलं खुद्द हर्झलनेच. कॅप्टन आल्फ्रेड द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप आला. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी शाळेच्या पटांगणात त्याच्या गणवेशावरची चिन्हं ओरबाडून काढली, तलवार मोडली. हर्झल बातमीदार म्हणून तिथे होता. या खटल्यानेच मला झायोनिस्ट केलं, असं त्याने १८९९ साली लिहिलं.

तारखा जुळवून पाहिल्या तर हे इतकं सरळ राहत नाही. ज्यूंच्या कोंडीवरचं ‘नवा घेट्टो’ (घेट्टो म्हणजे ज्यूंना सक्तीने राहावं लागे ती वेगळी वस्ती) हे नाटक त्याने ऑक्टोबर-नोव्हेंबर १८९४ मध्येच लिहून हातावेगळं केलं होतं. द्रेफ्यूसवरचा खटला डिसेंबरात उभा राहिला. शिवाय १८९५ च्या निवडणुकांत त्याच्या स्वतःच्या व्हिएन्नात उघड ज्यूद्वेषावर मतं मागणारा कार्ल ल्युगर जिंकत होता. बादशहा फ्रान्झ जोसेफने त्याला महापौर म्हणून मान्यता द्यायला १८९७ पर्यंत टाळाटाळ केली, पण शेवटी द्यावीच लागली. अनेक इतिहासकार आज ल्युगरला द्रेफ्यूसपेक्षा जास्त वजन देतात. मलाही तेच पटतं. नाटकवाल्याला मात्र मोडलेल्या तलवारीचा प्रवेश हवा असतो. मतमोजणीचे आकडे घेऊन तो काय करणार?

‘नवा घेट्टो’ नाटकात आहे तरी काय?

हे नाटक जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाकीची विसरली तरी चालतील, हे नाही.

नायक याकोब सामुएल, व्हिएन्नातला तरुण ज्यू वकील. साध्या घरातला, सरळ माणूस. पडदा उघडतो तेव्हा त्याचं लग्न आहे, श्रीमंत घरातल्या हेर्मिनेशी. सासरची माणसं शेअरबाजारातली. त्याचा ख्रिस्ती जिवलग मित्र वुर्त्सलेखनर लग्नानंतर मैत्री तोडतो. याकोबवर राग नाही, पण आपल्याला राजकारणात जायचंय आणि तुझ्या घरी भेटणाऱ्या सट्टेवाल्यांबरोबर ऊठबस दिसली तर अडचण होईल, असं तो तोंडावर सांगतो. हा प्रवेश मला सगळ्या नाटकात उत्तम वाटतो. आरडाओरडा नाही, शिवी नाही. दोन सभ्य माणसं सभ्यपणे एकमेकांपासून दूर होतात आणि त्यातला एकजण हादरून जातो.

मग कोळशाच्या खाणीचं प्रकरण येतं. खाण श्राम नावाच्या घोडदळातल्या कप्तानाच्या घराण्याची. याकोबचा साडू राइनबेर्ग तिचे शेअर बाजारात आणतो. खाणीत मजुरांचे हाल आहेत. संप होतो. याकोब तिकडे जाऊन मजुरांची बाजू घेतो. संप मिटतो, पण बंद काळात दुर्लक्ष झालेल्या खाणीत पाणी घुसतं आणि माणसं बुडतात. शेअर कोसळतात, श्राम धुळीला मिळतो. त्याला वाटतं, हा ज्यूंनी मिळून केलेला डाव. तो जातीवरून शिवी देतो, याकोब कानशिलात लगावतो, द्वंद्व ठरतं. यात एक गाठ आधीच मारून ठेवलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी याच श्रामने याकोबला आव्हान दिलं होतं, तेव्हा वडील आजारी म्हणून याकोबने माफी मागून ते टाळलं होतं. ती बोच त्याच्या मनात आहे. या वेळी तो जातो, गोळी लागते, आणि घेट्टोतून बाहेर पडायचंय, असं म्हणत प्राण सोडतो.

नाटकाचं सूत्र एका राब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, तोंडी येतं. जुन्या घेट्टोच्या भिंती दिसत होत्या, नव्याच्या दिसत नाहीत, पण राहायचं तिथेच असा हुकूम अजून आहे. यावर उपाय काय, याचं उत्तर नाटकात नाही, आणि ते बरंच झालं. उत्तर सापडल्यावर हर्झलने लिहिलेलं ललित लेखन प्रचारकी झालं.

ते रंगमंचावर आलं का?

तीन वर्षांनी. हर्झलने संहिता नाटककार आर्थर श्निट्झलरकडे पाठवली आणि आपलं नाव लपवून, ‘आल्बर्ट श्नाबेल’ या टोपणनावाने, नाट्यगृहांकडे द्यायला सांगितलं. लोकांनी वर्तमानपत्रातल्या बड्या नावाकडे न बघता नाटकाकडे बघावं, ही इच्छा. सगळीकडून नकार आले. शेवटी ५ जानेवारी १८९८ रोजी, ज्यू वस्ती दाट असलेल्या लिओपोल्डश्टाट भागातल्या कार्लथिएटरमध्ये प्रयोग झाला, तो हर्झलच्या नावानेच. तोवर तो झायोनिस्ट पुढारी म्हणून गाजत होता.

प्रेक्षकांत सिग्मंड फ्रॉइड होता. नाटक पाहून त्याला मुलांच्या भवितव्याबद्दलचं एक स्वप्न पडलं आणि ते त्याने स्वप्नांवरच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात घातलं. दोघं तेव्हा बेर्गगासे या एकाच रस्त्यावर राहत होते, हर्झल ६ नंबरला आणि फ्रॉइड १९ ला.

‘यहुदी राज्य’ ही पुस्तिका कशी आली?

आधी ती एका धनिकापुढे करायच्या भाषणाची टिपणं होती. रेल्वेच्या कंत्राटांवर गबर झालेला बॅरन हिर्श गरीब ज्यूंना अर्जेंटिनात वसवत होता. २ जून १८९५ ला हर्झल त्याला पॅरिसमध्ये भेटायला गेला. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने नवे हातमोजे मुद्दाम घालून थोडे वापरले, नवे दिसावेत पण दुकानातून आत्ता आणलेले वाटू नयेत म्हणून. हे त्याने स्वतःच्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. टिपणांची बावीस पानं नेली होती. हिर्शने सहाव्या पानापुढे जाऊच दिलं नाही.

मग घरी येऊन तो झपाटल्यासारखा लिहीत सुटला. संध्याकाळी वाग्नरचा ‘टानहॉयझर’ ऑपेरा ऐकायला जायचा. ज्या रात्री ऑपेरा नसे, त्या रात्री आपल्या कल्पनेबद्दल शंका यायची, असं त्याने सांगितलंय. ज्या वाग्नरच्या शोकसभेपायी संघटना सोडली, त्याच वाग्नरवर ही पुस्तिका पोसली गेली. फेब्रुवारी १८९६ मध्ये व्हिएन्नात ती निघाली, पहिली आवृत्ती ३००० प्रतींची. स्थलांतर, जमीनखरेदी, मजुरांची घरं, सगळ्याची आखणी त्यात आहे. झेंडासुद्धा. पांढऱ्या कापडावर सात सोनेरी तारे, दिवसातल्या सात कामाच्या तासांसाठी.

त्याच्या वर्तमानपत्राने पाठिंबा दिला असेल ना?

अजिबात नाही. ‘नॉये फ्राये प्रेसे’चे संपादक मॉरित्झ बेनेडिक्ट आणि एडुआर्ड बाखर दोघंही ज्यू, दोघंही पक्के उदारमतवादी. ज्यूंनी आपापल्या देशात मिसळून जावं हे त्यांचं मत. झायोनिझमला त्यांनी आपल्या पानांत जागा दिली नाही. जगभर ज्याची चर्चा होत होती, त्याचं नाव त्याच्याच दैनिकात यायचं ते रेषेखालच्या गोड ललित लेखाला. बेनेडिक्टने त्याला समजावलं, धमकावलं, पण काढलं नाही. इतका वाचकप्रिय लेखक कोण घालवेल? आणि हर्झलनेही नोकरी धरून ठेवली, कारण घर, तीन मुलं आणि चळवळीचा खर्च.

उत्तर म्हणून त्याने ४ जून १८९७ ला ‘डी वेल्ट’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं, पदरच्या पैशाने. मुखपृष्ठ मुद्दाम पिवळं. मध्ययुगात ज्यूंच्या अंगावर जो पिवळा तुकडा लावायची सक्ती होती, तो रंग.

बाझलच्या पहिल्या झायोनिस्ट अधिवेशनाला ‘नाटक’ का म्हणतात?

टीकाकार कुत्सितपणे म्हणतात. मी कौतुकाने म्हणेन.

२९ ते ३१ ऑगस्ट १८९७. आधी म्युनिक ठरलं होतं, पण तिथल्या ज्यू समाजानेच विरोध केला, म्हणून स्वित्झर्लंडमधलं बाझल. हर्झलने शहराच्या कॅसिनोचं ऐसपैस सभागृह घेतलं आणि सकाळच्या उद्घाटनालाही सगळ्यांनी काळा शेपटीचा कोट आणि पांढरा टाय घालूनच यावं असा नियम केला. त्याचा उजवा हात मॅक्स नॉर्डाऊ साध्या लांब कोटात आला आणि बदलायला तयार होईना. हर्झलने त्याला बाजूला घेऊन विनवलं. नॉर्डाऊ गेला आणि पंधरा मिनिटांतच कोट बदलून परतला. प्रतिनिधी सुमारे २००. त्यात रशियातून आलेले विद्यार्थी होते, छोटे व्यापारी होते, धर्मगुरू होते. बहुतेकांनी एकमेकांना पूर्वी पाहिलंही नव्हतं. त्या पोशाखात ते एकमेकांकडे बघून संसदेचे सभासद झाले. पाले बुर्बोंच्या गॅलरीत बसून घेतलेले धडे इथे उतरले. ‘बाझलला मी यहुदी राज्य स्थापन केलं’ असं त्याने ३ सप्टेंबरला रोजनिशीत लिहिलं. हे आत्ता मोठ्याने बोललो तर लोक हसतील, पाच नाही तर पन्नास वर्षांत नक्की पटेल, हेही पुढे आहे.

लोक हसले का?

व्हिएन्नात भरपूर. तिखट लेखणीच्या कार्ल क्राउसने १८९८ साली ‘झायोनसाठी एक क्राउन’ अशी पुस्तिका काढून खिल्ली उडवली. क्राउन म्हणजे नाणंही आणि मुकुटही. नाट्यगृहात हर्झल शिरला की ‘महाराज आले’ अशी कुजबुज व्हायची, असं त्स्वाइग सांगतो. उंच, काळीभोर दाढी, संथ चाल. शेरा अगदीच हवेतला नव्हता.

पॅलेस्टाइनमधल्या अरबांचं त्याला काही वाटलं नाही का?

त्याच्या लेखनातली सर्वांत मोठी पोकळी हीच. जून १८९५ च्या रोजनिशीत गरीब रहिवाशांना सीमेपलीकडे कामधंदा मिळवून देऊन हळूच बाहेर काढण्याचा विचार आहे. छापील पुस्तिकेत तो नाही. १ मार्च १८९९ ला जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य राब्बीमार्फत पत्र पाठवलं. ज्यूंचा त्या भूमीशी असलेला संबंध त्यांनी मान्य केला. पण तिथे लोक राहतात, तेव्हा देवासाठी पॅलेस्टाइनला सोडा, अशी विनंती केली. हर्झलचं १९ मार्चचं उत्तर नम्र आहे, पण ज्यूंच्या पैशाने आणि हुशारीने तुमचंही भलंच होईल, याच्यापुढे ते जात नाही. पॅलेस्टाइनमधल्या भावी ज्यू समाजाचं चित्र रंगवणाऱ्या १९०२ च्या ‘आल्टनॉयलांट’ कादंबरीत रशीद बे हे अरब पात्र नेमकं हेच बोलतं. पाहुण्याने विचारलं, तुम्हाला हे ज्यू उपरे वाटत नाहीत का, की रशीद बे आपली वाढलेली कमाई सांगतो. नाटककाराने प्रतिपक्षाला चांगले संवाद द्यायचे असतात. ‘नवा घेट्टो’त हर्झलने ते दिले होते. इथे खालिदींचं खरंखुरं पत्र हाताशी असूनही दिले नाहीत.

मराठी लोकांशी याचा काही संबंध?

एक आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या मराठीभाषक बेने इस्रायल या ज्यू समाजाला बाझलच्या पहिल्या अधिवेशनाचं बोलावणं गेलं होतं. त्यांनी नकार दिला. ज्यूंना त्यांच्या भूमीत परत नेणं हे देवाच्या हातचं काम, ते माणसांनी ठरवायचं नाही, हा त्यांचा विचार. १९४८ नंतर मात्र त्यांतले हजारो इस्रायलला गेले आणि तिथे मराठी घेऊन गेले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तिथूनच निघू लागलं.

शेवट कसा झाला?

हृदयविकाराने, ३ जुलै १९०४ रोजी, व्हिएन्नाजवळच्या एडलाखला. वय ४४. गरिबाची असते तशी अंत्ययात्रा हवी, भाषणं नकोत, फुलं नकोत, असं मृत्युपत्रात होतं. युरोपभरातून माणसं आगगाड्या भरभरून आली, तेव्हा आपल्यात कोण वावरत होतं हे व्हिएन्नाला कळलं. मुलांची कहाणी वाईट आहे. थोरली पाउलिना १९३० साली फ्रान्समध्ये बोर्दोला गेली, पाठोपाठ भाऊ हान्सने स्वतःवर गोळी झाडली. धाकटी ट्रूडे १९४३ मध्ये नाझींच्या टेरेझिनश्टाट छावणीत मेली.

त्याच्या आयुष्यातल्या जागा आज पाहता येतात का?

बुडापेस्टला दोहानी रस्त्यावरचं सिनेगॉग आहे. त्याचं जन्मघर होतं तिथे आता ज्यू संग्रहालय उभं आहे. व्हिएन्नात बुर्गथिएटर रिंगरस्त्यावर आहे आणि तिथे आजही प्रयोग होतात, बेर्गगासेही आहे, फक्त तिथली गर्दी १९ नंबरला फ्रॉइडच्या घरापुढे असते. डोब्लिंगच्या स्मशानातली त्याची मूळ जागा १९४९ साली रिकामी झाली. त्याच्या इच्छेप्रमाणे अस्थी जेरुसलेमला नेल्या, त्या टेकडीला आता हर्झल टेकडी म्हणतात. कार्लथिएटर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात मोडकळीला आलं आणि १९५१ साली उरलेलंही पाडलं.